महिरपी कंसांची एक जोडी

या अंकात माझं नाव पाहून इथल्या, अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावच्या मराठी मंडळातले लोक बुचकळ्यात पडतील. कार्यक्रमाआधी खुर्च्या मांडणारा आणि नंतर त्या घड्या करून ठेवणारा माणूस, एवढीच माझी इथे ओळख आहे आणि ती बरोबर आहे. माझ्या घरात माझ्या आधी कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. लेख कसा सुरू करतात हेही मला नीट माहीत नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्यावं. संपादिका मेघनाताईंनी तीनदा फोन केला. "काका, तुमच्या कामातलं काहीतरी लिहा ना, सॉफ्टवेअरवर कुणीच लिहीत नाही." मी म्हटलं, "माझं काम वाचता वाचता लोक झोपतील." त्या म्हणाल्या, "झोपू देत, पण तुम्ही लिहा."

म्हणून लिहितो. माझं काम दुसऱ्यांच्या लिहिण्यातल्या चुका काढायचं होतं.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी 'लिंट' नावाचं एक साधन असतं. कपड्याला चिकटणारी बारीक लव असते ना, तेच त्याचं नाव. प्रोग्राम चालवण्याआधी तो लिंटमधून काढायचा. लिंट तो नुसता वाचतं आणि संशयास्पद ओळींची यादी छापतं. चूक आहेच असं ते म्हणत नाही. इथे माणसाचा गोंधळ होऊ शकतो, एवढंच म्हणतं. खानदेशातल्या ज्या कापड गिरणीत माझे वडील कामाला होते, तिथे फोल्डिंग खात्यात कापड उलगडून, उजेडात धरून दोष बघायचे. मी वडिलांना पत्रात माझं काम तसंच समजावलं. त्यांचं उत्तर आलं, "म्हणजे तू फोल्डिंग खात्यात लागलास. बरं झालं, तिथे धूळ कमी. आमच्याकडे दोष सापडला की विणणाऱ्याला बोलावून दाखवतात. तुमच्याकडेही तसंच असेल." मी त्या पत्राला उत्तर दिलं, पण त्या वाक्याला दिलं नाही. तेव्हा ते मला जरा बाळबोध वाटलं होतं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या मधल्या वर्षांची. मिशिगनमधल्या ॲन आर्बरला एम.एस. करून मी तिथेच, गावाबाहेरच्या एका छोट्या कंपनीत लागलो. मका वाळवायच्या मोठ्या ड्रायरसाठी कंपनी कंट्रोलर बनवायची. मिशिगनमध्ये मका शेतातून ओलाच काढतात आणि मग घराएवढ्या उंच ड्रायरमध्ये गरम हवेवर वाळवतात. बर्नर किती पेटवायचा, पंखा किती जोरात फिरवायचा, कधी सगळं बंद करायचं, हे आमचा प्रोग्राम ठरवायचा.

माझ्याबरोबर शिकलेला पुण्याचा सुधीर तोपर्यंत सांता क्लाराला गेला होता. रविवारी त्याचा फोन यायचा. "दिल्या, यार, तू अमेरिकेत येऊन लोकांच्या चुका काढायचा जॉब करतोस? हेच करायचं होतं तर गावात मास्तर व्हायचंस. निदान छडी तरी मिळाली असती." त्याच्या मागे माणसांचे आवाज, भांड्यांचे आवाज ऐकू यायचे. त्यानं फोन ठेवला की माझ्या खोलीत फक्त हीटरचा आवाज उरायचा. तो फोन सोडला तर दर आठवड्याला शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत मी कुणाशी बोललेलो नसायचो. सोमवारी पहिला शब्द उच्चारताना घसा खाकरावा लागायचा.

तो पहिला शब्द बहुतेक वेळा आमच्या कंपनीतल्या जुन्या प्रोग्रामरशी, वॉल्टरशी असायचा. बस कंपनीपर्यंत जात नव्हती. बर्फ पडायला लागल्यावर मला सायकलवरून दोनदा घसरलेलं पाहून त्यानं स्वतःहून सांगितलं, "उद्यापासून सव्वासातला खाली उभा राहा." माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसतं 'वॉल्टर' म्हणायला माझी जीभ सहा महिने वळली नाही. मी 'गुड मॉर्निंग'च्या पुढे काही जोडतच नसे. त्याच्या ते लक्षात आलं होतं. एकदा ट्रकमध्ये म्हणाला, "प्रोफेसर, मला नाव आहे. फुकट आहे, वापर." तो स्वतः कॉलेजात गेला नव्हता, हवाई दलात रेडिओ दुरुस्त करता करता शिकला होता. मला 'प्रोफेसर' म्हणायचा, पण त्यात चिमटा कमी आणि कौतुकच जास्त होतं, असं मला वाटायचं. त्याची बायको आयरीन माझ्यासाठी वेगळं, बिनमांसाचं सँडविच पाठवायची आणि तो ते माझ्या टेबलावर ठेवत म्हणायचा, "घे, गवत."

आता माझा नियम. तो समजण्यासाठी एक चिठ्ठी डोळ्यांसमोर आणा. आई बाहेर जाताना मुलासाठी लिहून ठेवते:

दूध उतू जायला लागलं तर
    मला हाक मार
    गॅस बंद कर

खालच्या दोन्ही ओळी आत सरकवून लिहिल्या आहेत. वाचणारा समजेल की दूध उतू गेलं तर ही दोन्ही कामं करायची. आम्ही वापरत होतो त्या सी भाषेत मशीन तसं समजत नाही. 'तर'च्या खालची पहिली एकच ओळ त्या अटीत येते. दुसरी ओळ कितीही आत सरकवा, मोकळी जागा मशीनला दिसतच नाही. त्याच्या मते दूध उतू जावो की न जावो, गॅस बंद. दोन्ही कामं अटीत बांधायची असतील तर त्यांच्याभोवती महिरपी कंस घालावे लागतात.

म्हणजे डोळा एक वाचतो आणि मशीन दुसरंच. विद्यापीठात पोरांचे प्रोग्राम तपासताना मी ही चूक शेकड्यांनी पाहिली होती. त्या वेळच्या लिंटला ती सापडत नसे, कारण मोकळ्या जागा तेही टाकून देई. मी ठरवलं, आपण नियम लिहायचा. प्रत्येक ओळ किती आत आहे ते मोजायचं आणि जी ओळ अटीतली दिसते पण अटीत नाही, तिच्यापुढे इशारा छापायचा.

ऐकायला सोपं आहे, पण मला चार महिने लागले. कुणी टॅब वापरायचं, कुणी मोकळ्या जागा, तर कुणी दोन्हींची भेळ. पहिल्यांदा नियम चालवला तेव्हा कागद छापत छापत टेबलावरून जमिनीवर गेला. त्यातले बहुतेक इशारे खोटे होते. एकेक खोटा इशारा शोधून नियम सुधारत गेलो. त्या चार महिन्यांत मला एकटं वाटलं नाही, हे मला आज कबूल करायला हरकत नाही. रोज कुणीतरी वाट बघतंय असं वाटायचं, मग तो नियम का असेना.

शेवटी त्यानं आमचे बॉस डेल यांच्याच प्रोग्राममधली एक खरी चूक पकडली. डेलनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हा पोरगा बघा," म्हणाले. माझ्या आयुष्यात इतक्या माणसांसमोर मला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. आणि त्याच बैठकीत त्यांनी जाहीर केलं की शरद ऋतूतल्या नव्या आवृत्तीआधी सगळ्या प्रोग्राममधले इशारे शून्यावर आले पाहिजेत, आणि ते काम मी करायचं.

सर्वांत जास्त इशारे वॉल्टरच्या फाइलमध्ये निघाले. साहजिकच होतं, ड्रायर बंद करायचा सगळा भाग त्याचा होता आणि तो सर्वांत जुना होता. तेवीस इशारे. यादी घेऊन मी त्याच्याकडे गेलो.

"तुझं कुत्रं माझ्यावर भुंकतंय म्हणतात," तो म्हणाला.

"फक्त तेवीस वेळा."

"आयरीन न्याहारीच्या आत त्याहून जास्त वेळा भुंकते." मग त्यानं यादी चाळली. "प्रोफेसर, हे सहा हंगाम शेतांवर चाललंय. तुझ्या नियमाला म्हणावं, आत यायचं तर पाय पुसून ये. कर तुला काय करायचं ते. शंका आली तर विचार."

ऑगस्टमधल्या एका दुपारी मी बसलो. बहुतेक जागा किरकोळ होत्या. तीन ठिकाणी मला शंका आली, तीनदा उठून वॉल्टरकडे गेलो, तीनदा त्यानं हातातलं काम बाजूला ठेवून समजावलं. मग चौथी जागा आली. ती अशी होती:

पंखा थांबला असेल तर
    घंटा वाजव
    बर्नर बंद कर

मला दिसलं ते असं: दोन्ही ओळी अटीतल्या आहेत, कंस घालायचे राहिलेत. पुन्हा विचारायला जावं का? तो कॉरिडॉरच्या टोकाला बसला होता, वीस पावलांवर. पण चौथ्यांदा गेलो तर तो काय म्हणेल? शाळेपासून माझी ही खोड आहे. हात वर केला की आपण कुठून आलो ते सगळ्यांना कळेल, असं वाटायचं. एवढं साधं यालाच कसं कळत नाही, असं होईल. मी गेलो नाही. दोन ओळींभोवती महिरपी कंसांची जोडी घातली, इशारा गेला. प्रत्येक बदलापुढे एका ओळीत कारण नोंदवायची पद्धत होती. मी नोंदवलं, 'फक्त मांडणी. वागण्यात बदल नाही.' अशी नोंद असलेला बदल कुणी उघडून पाहत नाही.

नवी आवृत्ती आम्ही तपासली. पंखा मुद्दाम थांबवला, घंटा वाजली, बर्नर बंद झाला. सगळे खूश.

मिशिगनमध्ये नोव्हेंबरच्या मध्याला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि निम्मी ऑफिसं ओस पडतात. वॉल्टरही उत्तरेला जंगलातल्या त्याच्या लाकडी खोलीवर गेला. तिथे फोन नव्हता. जाताना म्हणाला, "परत आलो की थँक्सगिव्हिंग. गुरुवारी घरी ये. आयरीन तुझ्यासाठी काहीतरी गवताचं करतेय."

त्याच आठवड्यात एका शेतकऱ्याचा ड्रायर पेटला.

डेल मला घेऊन तिथे गेले. माणूस कुणी जखमी नव्हता. पण आतला मका आणि ड्रायर कोळसा झाला होता. सगळ्या रानात भाजल्या कणसाचा वास होता. घरी असता तर तोंडाला पाणी सुटलं असतं असा वास. शेतकऱ्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, "कॉम्प्युटरवाला तू का?"

"हो."

"जुनं मशीन बिनडोक होतं," तो म्हणाला. "गरम झालं की बंद पडायचं, बस. हे हुशार आहे म्हणे."

त्या ड्रायरवर जास्त तापल्यास बर्नर बंद करणारा एक साधा स्विचही होता, पण तो धुळीनं अडकला होता. मग सगळी भिस्त प्रोग्रामवर आली. डेलनी मला परत आणून टेबलाशी बसवलं. "शोध," म्हणाले.

मला वीस मिनिटं लागली. मका जास्त तापला, तेव्हा बंद करायचा भाग बरोबर सुरू झाला होता. पण पंखा चालू होता. म्हणून घंटा वाजली नाही, आणि माझ्या कंसांमुळे बर्नरही बंद झाला नाही. वॉल्टरची मूळ ओळ दिसायला वाकडी होती, पण अर्थानं बरोबर होती. पंखा थांबला असेल तर घंटा, आणि बर्नर मात्र काहीही झालं तरी बंद. त्यानं ती ओळ फक्त चुकून आत सरकवली होती. डोळा आणि मशीन वेगळं वाचतात, हे जगाला सांगायला मी नियम लिहिला आणि स्वतः डोळ्यावर विश्वास ठेवला.

मी कंस काढले, ओळ बाहेर घेतली. डेल माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"सापडलं?"

"सापडलं. दुरुस्त केलं."

"वॉल्टरची फाइल?"

मी म्हटलं, "हो. वॉल्टरचीच फाइल."

त्या उत्तरात एक अक्षरही खोटं नाही. मी पुढे आणखी एक वाक्य बोलायचं होतं. ते ओठांवर होतं. डेल म्हणाले, "वाटलंच होतं. शाब्बास, पोरा," आणि ते निघून गेले.

माझ्या ग्रीन कार्डचे कागद तेव्हा डेलच्या टेबलावर होते. बरीच वर्षं मी स्वतःला ते कारण सांगत आलो. पण खरं कारण त्याहून लहान होतं. खांद्यावरचा तो हात मला गमवायचा नव्हता.

वॉल्टर परतला त्या सोमवारीच डेलनी त्याला दार लावून आत बोलावलं. कंपनीला ड्रायर बनवणाऱ्यांना कुणाचं तरी नाव सांगायचं होतं. वॉल्टर सत्तावन्नचा होता. त्याला लवकर निवृत्ती घेतल्याचा कागद दिला गेला. तो सामान भरून माझ्या टेबलापाशी आला. डेल दाराशी त्याला निरोप द्यायला, खरं तर बाहेर न्यायला उभे होते.

"प्रोफेसर, काय होतं रे ते?"

"बंद करायच्या भागात," मी म्हणालो.

"ते कळलं. ओळ कुठली?"

मी डेलकडे पाहिलं. "फोन करून सांगतो."

"कर," तो म्हणाला. जराही राग नव्हता त्याच्या आवाजात. कुतूहल होतं, चांगल्या कारागिराला असतं तसं. "आणि गुरुवारी ये. टर्की खायची सक्ती नाही."

गुरुवारी मी गेलो नाही. खिचडी टाकली आणि नुसता बसून राहिलो. चारच्या सुमारास खाली त्याच्या ट्रकचा आवाज आला. तो आवाज मी रोज सव्वासातला ऐकत होतो, चुकणं शक्य नव्हतं. जिन्यावर पावलं वाजली. तीनदा दार ठोठावलं. "प्रोफेसर? गाडी नाही म्हणून आला नाहीस ना? चल, मी आलोय न्यायला." मी खुर्चीत होतो, दारापासून चार पावलांवर. श्वाससुद्धा हळू घेत होतो. थोड्या वेळानं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला आणि पावलं उतरून गेली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. चांदीच्या कागदात झाकलेली ताटली होती, भोपळ्याच्या 'पाय'चा, त्यांच्या त्या गोड पदार्थाचा, तुकडा गारठून दगड झाला होता.

फोन मी केला नाही. पहिल्या आठवड्यात धीर झाला नाही. पहिल्या महिन्यात वाटलं, आता उशीर झाला. वर्षानं तर उशीर झालाच होता. दोन वर्षांनी ग्रीन कार्ड आलं आणि मी सांता क्लाराला गेलो. पुढे लग्न, मुलं, मग कॅरी.

तो नियम मी पुढे तीन कंपन्यांत पुन्हा लिहिला. प्रत्येक वेळी इशाऱ्याच्या खाली एक ओळ वाढवली: 'बदलण्याआधी लिहिणाऱ्याला विचारा.' पोरं हसायची. एकीनं तर माझ्या तोंडावर सांगितलं, "काका, लिहिणारा कधीच कंपनी सोडून गेलाय. कुणाला विचारू?" मी म्हटलं, "शोधून काढ." तिला वाटलं मी चेष्टा करतोय. दुसऱ्या एकानं आपल्या प्रोग्राममधून माझा नियमच बंद करून टाकला आणि वर लिहिलं, 'मला कळतं मी काय करतोय.' त्याच्या टेबलाशी मी तासभर बसलो. त्याला बिचाऱ्याला कळेना हा म्हातारा एवढा का पेटलाय.

निवृत्त झालो त्या वर्षी घरात करायला काही नव्हतं, तेव्हा मी वॉल्टरला पत्र लिहायला बसलो. पहिल्या दोन खर्ड्यांत सगळं होतं. तिसऱ्यात थोडं कमी केलं. चौथ्यात एवढंच उरलं, 'मी तुमच्याबरोबर काम करत होतो. त्या ड्रायरबद्दल तुम्हाला सांगायचं राहून गेलं आहे. तुम्हाला चालणार असेल तर भेटायला येईन.' जुना पत्ता मला पाठ होता. पाठवलं.

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. पाकिटावर मोठी, थरथरती अक्षरं होती. आयरीननं लिहिलं होतं. ती आता मुलीकडे राहते, पत्र फिरत फिरत तिच्याकडे पोचलं. वॉल्टर जाऊन अकरा वर्षं झाली होती.

तिनं लिहिलं होतं: तू आठवतोस. तो तुझं नाव काढायचा. तू आजारी वगैरे नाहीस ना, अशी त्या गुरुवारनंतर त्याला काळजी वाटत होती. नंतर म्हणाला, पोराला मोठी नोकरी लागली असेल. त्यानं पुन्हा नोकरी केली नाही. कुणी बोलावलं तर म्हणायचा, आधी माझी चूक मला सापडू दे. घरी त्याच्याकडे त्या प्रोग्रामचा छापलेला गठ्ठा होता. दर हिवाळ्यात तो जेवणाच्या टेबलावर पसरायचा आणि लाल पेन्सिल घेऊन पहिल्या ओळीपासून सुरू करायचा. मी म्हणायचे, सोड रे आता. तो म्हणायचा, त्या माणसाचा मका माझ्यामुळे जळला, निदान कुठल्या ओळीनं ते तरी मला कळायला हवं. शेवटच्या हिवाळ्यात त्याला अक्षरं दिसेनात, तेव्हा मी मोठ्यानं वाचून दाखवायचे. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी एकेक ओळ वाचायची, तो डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "बरोबर आहे. पुढे." शेवटचं पान संपलं तेव्हा म्हणाला, "मी म्हातारा झालो गं, मला आता दिसत नाही." तुला ती ओळ माहीत असेल तर मला कळव. मला ऐकायचंय.

सोबत तिनं गठ्ठ्याचं पहिलं पान घडी करून पाठवलं होतं, मला ओळख पटावी म्हणून. हिरव्या पट्ट्यांचा तो जुना कागद, कडेला भोकं, आणि उजव्या कोपऱ्यात मशीननं टाकलेला, गठ्ठा छापला तेव्हाचा महिना.

तो त्याच वर्षीचा एप्रिल होता. मी कंस घातले ते ऑगस्टमध्ये.